पत्ता तिथूनच विचारा

सुनेला सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि बाळंतपणाला माहेरी जायचं तिचं रद्द झालं. कोकणापर्यंतचा प्रवास तिला झेपणार नव्हता. तेव्हा तिच्या आईच आमच्याकडे नाशिकला राहायला आल्या. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, सडपातळ बाई. मुलांच्या लग्नानंतर आम्ही भेटायचो ते कार्यापुरतं. एका घरात राहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सुरुवातीला दोघीही एकमेकींशी जपून बोलत होतो.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई पायात बूट घालून हॉलमध्ये उभ्या. "ताई, जरा फिरून येते. इथं कुठला रस्ता बरा?"

मला काय सांगावं कळेना. आमच्या भागाचं नाव घेतलं की गावातले लोकसुद्धा "तिकडे राहता?" म्हणून विचारतात. गाड्यांच्या काचा फोडणारी टोळकी, कोयते, मोटारसायकलवरून येऊन गळ्यातलं ओढून नेणारे. रोज फोनवर कुणी ना कुणी एखादा व्हिडिओ पाठवतं. त्यातले निम्मे दुसऱ्याच शहरातले असतात, पण पाहताना ते कुणाच्या लक्षात येतं? माझी सगळी नोकरी या शहरात झाली. तेव्हा मी बसथांब्यापासून घरापर्यंत रोज पायी यायची. आता मात्र माझं फिरणं गच्चीवर आलं होतं.

"गच्चीवर फिरा की," मी म्हटलं. "हवा छान असते. ओझरची विमानंही दिसतात."

"गोल गोल?" त्या हसल्या. "मला नाही जमायचं ते. मी जन्मभर रानातून चालत शाळेत गेले. पावसाळ्यात वाटेवर बिबट्याचे ठसे असायचे."

"बिबट्या इथंही येतो मधूनमधून. इथं माणसांची भीती जास्त."

"मग तुम्ही चला बरोबर," त्या म्हणाल्या.

पाहुण्या बाईला एकटीला सोडणं बरं दिसेना, म्हणून मी मफलर गुंडाळला आणि निघाले. आमच्या कॉलनीतून एक रस्ता पाटाकडे जातो. दोन्ही बाजूंना बंगले, मध्येच गाजरगवत माजलेले मोकळे प्लॉट, पुढे मारुतीचं देऊळ आणि त्याच्या समोर दिंडोरीकडून येणाऱ्या भाजीवाल्या. थंडी कडाक्याची होती. विहीणबाई हात मागे बांधून सरळ ताठ चालत होत्या आणि प्रत्येक झाड कुठलं ते मला विचारत होत्या. मला निम्म्या झाडांची नावं येत नव्हती. परत आल्यावर मी सुनेजवळ बसून चहा प्यायले तेव्हा पायांना छान ऊब आली होती. मग आम्ही रोजच जायला लागलो. मुलगा कारखान्याच्या बसला निघून गेला, सुनेला दूध-नाश्ता देऊन झाला, की आम्ही दोघी बाहेर.

ते घडलं त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. देवळाच्या अलीकडे, मोकळ्या प्लॉटपाशी, मागून एक मोटारसायकल येऊन आमच्या शेजारी थांबली. पुढच्याच्या डोक्यात हेल्मेट, मागच्याच्या तोंडाला रुमाल. थंडीचे दिवस, रुमाल कोण नाही बांधत?

"मावशी, इथं दातांचा दवाखाना कुठं आहे?" मागच्याने विचारलं.

मी हात करून सांगायला लागले, "सरळ जा, मग उजवीकडे..." तेवढ्यात तो खाली उतरून विहीणबाईंच्या अगदी जवळ गेला. पुढचं मी पाहिलं, पण मला समजायला वेळ लागला. त्याने त्यांच्या गळ्यात हात घातला होता. माझ्या गळ्यात घेण्यासारखं काही नव्हतं; नवरा गेल्यापासून नसतंच. विहीणबाईंनी मंगळसूत्र मुठीत धरलं. त्याने हिसका दिला. त्या गुडघ्यावर पडल्या, काळे मणी रस्त्यावर उडाले आणि मोटारसायकल पाटाकडे निघून गेली. मी ओरडले असं मला वाटत होतं. नंतर कळलं, माझ्या तोंडातून आवाजच निघाला नव्हता. ओरडल्या त्या विहीणबाई, वर्गात पोरांना गप्प करावं तशा: "अरे थांब! थांब म्हणते ना!"

गळ्याभोवती लाल रेघ उमटली होती, तिच्यातून रक्त येत होतं. मूठ उघडली तर आत दोन वाट्या आणि साखळीचा तुकडा. बाकीचं गेलं होतं.

भाजीवाल्या धावत आल्या. कुणी पाणी दिलं, कुणी हळद शोधायला लागली. आणि मग सुरू झालं. "एवढं सोनं घालून कशाला फिरायचं?" "सकाळी बायकांनी इकडं यायचंच कशाला?" पोलीस ठाण्यातल्या हवालदारबाईंनी मात्र आधी खुर्ची दिली, चहा मागवला. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "त्या रस्त्याला कशासाठी गेला होतात?"

"चालायला," विहीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे काही कामानिमित्त?"

"नाही. चालत होतो. तेच काम होतं. असंच लिहा."

हवालदारबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं.

गाडीचा नंबर मला सांगता आला नाही. कपडे विचारले तर मी एक रंग सांगितला, विहीणबाईंनी दुसरा. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, गळ्याला पट्टी बांधली आणि घरी आलो. सुनेला कसं सांगावं याचाच मला घोर लागला होता. पण विहीणबाई सरळ तिच्या खोलीत गेल्या, पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, घाबरायचं नाही. चोराने मंगळसूत्र ओढलं. मी धडधाकट आहे. मान जराशी खरचटलीय." सून रडली, पण थोडंच. आईच्या मानेवरची पट्टी तिने स्वतः पुन्हा नीट चिकटवली.

संध्याकाळी घरात जणू सभा भरली. मुलगा कामावरून आल्या आल्या म्हणाला, "आता दोघींनीही बाहेर पडायचं नाही. भाजी मी आणत जाईन." कोकणातून व्याह्यांचा फोन आला. ते मोठ्याने बोलत होते, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "परत ये तू. त्या गावात राहू नकोस. पोरीसाठी एखादी बाई ठेवू."

विहीणबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "नातवंड झाल्याशिवाय मी येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि तोवर घरात कोंडूनही बसणार नाही." फोन ठेवून त्या कणीक मळायला उठल्या.

मला खरं तर बरं वाटलं होतं, की आता हे फिरणं संपलं. रात्रभर त्यांच्या गळ्याशी आलेला तो हात माझ्या डोळ्यांपुढे होता. सकाळी उठून पाहते तर विहीणबाई बूट घालून बसलेल्या. गळ्याला पट्टी, वर मफलर.

"कुठं निघालात?"

"काल जिथवर गेलो होतो तिथवर. आज गेले नाही तर उद्याही जाणार नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे."

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

"तुम्ही नका येऊ. दार लावून घ्या."

त्यांनी फाटक उघडलं. त्यांचा तो ताठ पाठीचा आकार रस्त्याला लागलेला मी खिडकीतून पाहिला आणि चपला अडकवून तशीच मागे धावले. आमच्या घरी आलेली बाई, काल माझ्यासमोर पडलेली, आणि मी दार लावून बसू?

त्या दिवशी आम्ही उजव्या बाजूने चाललो. त्यांचंच म्हणणं, की गाड्या समोरून आल्या म्हणजे दिसतात. पर्स घरी, फोन मुठीत नाही, खिशात. बोलायचं, पण मध्ये मध्ये मान वळवून मागे पाहायचं. मोटारसायकलचा आवाज आला की माझी पाठ आखडायची. देवळाच्या अलीकडे, त्या जागी, धुळीत थोडे काळे मणी अजून पडलेले होते. मला वाटलं, त्या वेचतील. त्यांनी पायाच्या टोकाने ते बाजूला, गवतात सरकवले आणि समोरच्या बंगल्याची बेल दाबली.

"अहो, हे काय?" मी कुजबुजले.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. तोंडात ब्रश होता. विहीणबाईंनी नमस्कार केला. "मी इथं पाहुणी आहे. काल तुमच्या घरासमोर माझं मंगळसूत्र ओढलं. आम्ही दोघी रोज या वेळेला इथून जाणार आहोत. कुणी ओरडलेलं ऐकू आलं तर बाहेर याल का?"

गृहस्थांनी ब्रश काढला. "आम्ही काय पोलीस आहोत?"

"नाही. शेजारी आहात."

त्यांनी दार लावून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विहीणबाई पुढच्या फाटकापाशी पोहोचल्यासुद्धा. तिथं एक तरुण बाई लहान मुलाला भरवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या सासूबाईंचंही असंच गेलं होतं. तेव्हापासून त्या फाटकाबाहेर पडत नाहीत." आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आहे गं?" विहीणबाई आत गेल्या ते अर्ध्या तासाने बाहेर आल्या.

आठवडाभर हेच चाललं. रोज चार-दोन घरं. काहींनी चहा पाजला, काहींनी कुत्रा सोडला नाही एवढंच. एका बंगल्याच्या मालकाने रस्त्याकडे कॅमेरा वळवून घेतला. त्या सासूबाई पहिल्या दिवशी फाटकापर्यंत आल्या, मग कोपऱ्यापर्यंत, आणि मग एका सोमवारी आमच्याबरोबर देवळापर्यंत. माझा हात इतका घट्ट धरला होता त्यांनी, की बोटं दुखली. मी सोडवून घेतला नाही. मलाही तो हात हवा होता. हळूहळू आणखी काही जणी आल्या. मी, जी पहिल्या दिवशी गच्चीवर फिरा म्हणाले होते, नव्या आलेल्या बायकांना सांगायला लागले, "अहो, गळ्याशी पदर पिनेनं लावा. रस्त्याच्या आतल्या बाजूने चला."

मग एका सकाळी पुन्हा एक मोटारसायकल आमच्या पुढ्यात येऊन थांबली. दोघं जण. मागचा उतरायला लागला. "काकू, एक पत्ता..."

"तिथूनच विचारा!" माझा आवाज होता तो. इतका मोठा निघाला की मीच दचकले. "गाडीवरून उतरू नका. तिथूनच विचारा."

आम्ही सगळ्या थांबलो होतो. एका फाटकाची कडी वाजली, दुसऱ्याची वाजली. ते म्हातारे गृहस्थ ब्रश तोंडात तसाच ठेवून रस्त्यावर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. गाडीवरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काही नाही, काही नाही," म्हणत त्यांनी गाडी वळवली. या वेळी नंबर आम्हा चौघींना तोंडपाठ होता.

तो आम्ही हवालदारबाईंना कळवला. गाडी सिन्नरकडच्या कुणा सज्जन माणसाची निघाली. त्याचा भाचा भाड्याची खोली शोधत फिरत होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं. विहीणबाई मात्र म्हणाल्या, "पत्ता नाकारला कुठं आपण? लांबून विचार म्हटलं. तेवढं त्याने समजून घ्यावं." पुढं तो मुलगा त्याच रस्त्यावर एका बंगल्यात वर राहायला आला. दिसला की लांबूनच ओरडायचा, "काकू, इथूनच नमस्कार!"

सून बाळंत व्हायच्या थोडं आधी ठाण्यातून बोलावणं आलं. दुसऱ्या एका गुन्ह्यात काही जण सापडले होते, त्यांत आमचा कुणी आहे का ते पाहायचं होतं. मुलगा म्हणाला, "नका जाऊ. उगाच डूख धरतील." विहीणबाई गेल्या, मीही गेले. ओळीने उभ्या असलेल्यांसमोरून त्या सावकाश चालल्या, परत आल्या, पुन्हा चालल्या. एकापाशी थोड्या थांबल्या. खोलीत सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"याचे डोळे तसे वाटतात," त्या म्हणाल्या. "पण खात्री नाही. खात्री नसताना मी बोट दाखवणार नाही."

बाहेर आल्यावर आम्ही ठाण्यासमोरच्या टपरीवर बसलो, चहा घेतला. "मंगळसूत्र मिळालं असतं कदाचित," मी म्हटलं.

"मिळालं असतं," त्या म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

ते मिळालं नाही. वाट्या त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवून घातल्या, ब्लाउजच्या आत. नात झाली, छान गुटगुटीत. बारशानंतर व्याही त्यांना न्यायला आले. त्यांनाही त्यांनी एक दिवस सकाळी आमच्याबरोबर चालवलं. व्याही सारखे मागे वळून पाहत होते आणि बायका त्यांना हसत होत्या.

त्या गेल्यावर पहिल्या सकाळी मला वाटलं, आज राहू दे. पण खाली फाटकापाशी त्या सासूबाई मफलर बांधून उभ्या होत्या. मागून एखादी गाडी हळू झाली की माझी पाठ अजूनही आखडते. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते जाईल, पण गेलेलं नाही. मी रस्त्याच्या कडेला होते, वळते, गाडीवरच्या माणसाच्या तोंडाकडे नीट पाहते, तो निघून जातो, आणि आम्ही पुढे चालू लागतो.