नंबर नसलेली रिळं

सहाही डबे उघडून झाले. एकाही रिळावर नंबर नव्हता.

रिळाच्या सुरुवातीला कोऱ्या फिल्मची एक पट्टी असते, तिला आम्ही लीडर म्हणतो. कितवं रीळ ते तिच्यावर लिहिलेलं असतं. जुन्या प्रिंटची ही पट्टी फाटते, मग ती कापून टाकतात. या प्रिंटच्या सगळ्याच कापलेल्या होत्या, आणि डब्यांची नंबर लिहिलेली झाकणं तर केव्हाच एकमेकांत मिसळून गेलेली.

आमची टुरिंग टॉकीज, म्हणजे तंबूतला फिरता सिनेमा, तेव्हा आटपाडीला होती; मी तिथे प्रोजेक्टर चालवायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. ठरलेला मराठी सिनेमा आलाच नाही, त्याऐवजी एस.टी.नं ही इंग्रजी सिनेमाची पेटी आली. मालकांनी बाजारात कर्ण्यावरून पुकारूनही टाकलं, मोटारींचा जबरदस्त पाठलाग म्हणून.

मला काळजी वेगळीच होती. पंधरा दिवसांपूर्वी कवठे महांकाळला मी तिसऱ्याच्या आधी चौथं रीळ लावलं होतं. नायिकेचं लग्न व्हायच्या आत बारसं झालं. तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. मालक एवढंच म्हणाले होते, "वसंता, पुन्ना आसं झालं तर वळकटी उचलायची आन् सरळ वाईला जायचं." वाईला आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या.

एरवी नंबर नसला तरी अंदाज येतो. गाणी असतात, लग्न असतं, नायकाचे कपडे बदलतात. इथे सहाही रिळांत तेच. एक माणूस, एक पांढरी मोटार, उजाड रस्ता, मागे पोलीस. इंग्रजीशी माझं शाळेपासून वाकडं. खेळाला तीन तास उरले होते.

"काय रं, त्वांड का पाडून बसलायस?" हवालदारांनी विचारलं. हे लष्करातले निवृत्त ड्रायव्हर. आमचा जनरेटर तेच सांभाळायचे.

मी सगळं सांगितलं. त्यांनी तेलकट हात पुसले, प्रोजेक्टरची लेन्स भिंगासारखी डोळ्याला लावली आणि रिळाची चार हात फिल्म उन्हाकडे धरली.

"मान्साकडं बघू नगं. गाडीकडं बघ. ह्यात दोनी दिवं शाबूत हायती. ही पयली."

दुसऱ्यात डावा दिवा फुटलेला. एकात पुढची काच तडकलेली, एकात काच साफ गेलेली. मी खडूनं डब्यांवर आकडे टाकत गेलो. दोन रिळं मात्र अडली. दोन्हींत काच तडकलेली, शिवाय बंपरही सारखाच लोंबणारा.

हवालदारांनी दोन्ही पुन्हा पाहिली. "ह्यात त्यानं ष्टेरिंग एका हातानं धरलंय. ह्यात दोनी हातांनी. ताजा ड्रायव्हर एका हातानं चालवतोय गड्या. दमला की दोनी हातांनी धरून बसतोय. ही आदी, ही मागनं."

रात्री पहिलं रीळ नीट गेलं. आमच्याकडे प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलायला दर वेळी खेळ थांबायचा. दिवा लागला आणि आरडाओरडा सुरू झाला. "आवं मालक, ह्यो पळतोय कशापायी?" "गाणं न्हाई, बाई न्हाई, ह्यो कसला शिनिमा?" मालक माझ्याकडे बघत होते. घाईत फिल्म प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसेना.

तेवढ्यात कर्ण्यावरून हवालदारांचा आवाज आला. "मंडळी, गडी मिल्ट्रीतला हाय. घरनं तार आलीया, आई लय आजारी हाय. सायबानं सुट्टी दिली न्हाई, म्हणून गाडी काढून निघालाय. पोलीस त्येच्यापायी मागं लागल्यात."

तंबू चिडीचूप. त्या मुलखात घराआड एक माणूस फौजेत. तार म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको होतं. त्यानंतर प्रत्येक दोन रिळांच्या मध्ये हवालदार दोन वाक्यं बोलायचे, आणि बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडायची, "पळ रं माज्या लेकरा!"

सहाव्या रिळाच्या शेवटी मोटार एका चढावर गेली, उन्हात शिरली आणि पडदा पांढरा झाला. सिनेमा संपला. कुणी जागचं हलेना.

"पोचला का न्हाई त्यो?" म्हातारीनं विचारलं.

हवालदारांनी माइक पुन्हा हातात घेतला. "पोचला," ते म्हणाले. "आई वाट बगत हुती."

लोक डोळे पुसत उठले. मालक माझ्यापाशी आले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "उंद्या पुन्ना ह्योच लाव."

मी हवालदारांना विचारलं, "पोचला हे तुम्हाला कशावरनं कळलं?"

ते माइकची वायर गुंडाळत होते. "मला कुटलं कळतंय? लढाईच्या साली मला आशीच तार आली हुती. सुट्टी न्हाई गावली. ह्यो तरी पोचू दे की."

पुढे मी पुण्यात एका थिएटरला लागलो, तिथे तोच सिनेमा आला. सहाच्या सहा रिळांचा क्रम आम्ही बरोबर लावला होता. एव्हाना थोडं इंग्रजी कळायला लागलं होतं, म्हणून हेही कळलं की त्या माणसाला आई नव्हती, घर नव्हतं, कुठे पोचायचंही नव्हतं. तो नुसता पळत होता. फार नावाजलेला सिनेमा आहे म्हणे. असेल. पण आटपाडीला तो तसाच दाखवला असता तर माझं घर बसलं असतं. म्हणून मी हवालदारांचा सिनेमा खरा धरतो, आणि त्यांचे उपकार मानतो.