डब्याला बोंबलाचा वास

आटगाव स्टेशनाजवळच्या कारखान्यात आम्ही जेवणाचे डबे बनवायचो, पण आम्हाला जेवायला जागा नव्हती. नव्वदचं दशक. प्लास्टिकचा दाणा मशीनच्या नळीत वितळायचा आणि दार उघडलं की कोरा डबा बाहेर यायचा. मशीन थांबलं की माल बिघडतो, असं शेठ सांगायचे, म्हणून बारा तासांच्या पाळीत एका हाताने डबे काढत दुसऱ्या हाताने जेवायचं. घरून पहाटे निघालेली भाकरी तोवर वाळून कडक व्हायची.

त्या नळीवरचा पत्रा मात्र तव्यासारखा तापलेला असायचा. मी त्यावर भाकरी ठेवून पाहिली. अहाहा! दुसऱ्या दिवशी, शेजारीच डबे पॅक करणाऱ्या मावशीने पदराआडून सुके बोंबील काढले.

"भाज रे. पण कोळसा करू नको."

"गो मावशी, मी ऑपरेटर हाय, आचारी नाय."

"आचारी असतास तर एव्हाना परमनंट झाला असतास!"

टोमणा वर्मी लागला. तीन वर्षं मी टेम्पररीच होतो, आणि माझा होणारा सासरा परमनंटचा कागद पाहिल्याशिवाय लग्नाची तारीख काढायला तयार नव्हता. शेठ म्हणाले होते, महिनाअखेरीला बघू.

महिनाअखेर आली ती टेम्पोभर डबे परत घेऊन. मुंबईच्या दुकानदाराची तक्रार होती, झाकण उघडलं की वास मारतो. मारणारच! मी भाजायचो आणि मावशी गरम डब्यांना तिथल्या तिथे झाकणं लावायची. शेठ जन्माचे शाकाहारी. त्यांनी डब्यात नाक घातलं, दचकून काढलं, पण वास कशाचा ते काही ओळखेनात. शेवटी दाण्यातच भेसळ आहे असं ठरवून त्यांनी दाणा पुरवणाऱ्या माणसाला बोलावलं.

तो निघाला अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला. डबा उघडून त्याने डोळे मिटले, माहेरी आल्यासारखे. मग सरळ माझ्या मशीनपाशी येऊन पत्र्याच्या फटीतून बोंबलाचं शेपूट चिमटीत उचललं. माझं लग्न त्या चिमटीत लोंबकळत होतं.

"काय सापडलं?" शेठ पुढे सरसावले.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मूठ मिटली. "काय नाय शेठ. दाणा चांगला हाय. पॅकिंगचं टेबल या मशीनपासून लांब न्या, गरम डबा वास धरतो."

मी सुटलोच होतो, इतक्यात शेठ माझ्याकडे वळले. "पण तू दिवसभर इथेच उभा असतोस. तुला नाही आला वास?"

मी खाली मान घालून डबे काढत राहिलो. मावशी मात्र डोळ्याला पदर लावून पुढे आली.

"त्याला कसला वास येतो, शेठ! तीन वर्षं या वाफेत उभा हाय. नाक गेलं पोराचं. परवा घरी दूध करपलं, यालाच कळलं नाय."

शेठ हबकले. आमच्या डोक्यावरच्या एकुलत्या पंख्याकडे त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं. संध्याकाळी परमनंटचा कागद माझ्या हातात होता.

लग्नाला शेठ आले. हार घालताना त्यांनी मोगऱ्याचा गजरा मुद्दाम माझ्या नाकासमोर धरला आणि आशेने विचारलं, "काही येतोय?"

बायको शेजारी उभी होती. मी जड अंतःकरणाने मान हलवली, "नाय, शेठ."