बोळातली नऊ मिनिटं

“तू सखूची मुलगी ना? मग तुला वाट सांगायला नको. मागून ये. पुढं पाहुणे जेवतायत.”

भाऊ फाटकात उभे राहून एवढंच बोलले. नागावात त्यांची नारळी-पोफळीची वाडी, वाडीत घर, आणि आता त्याच घरात पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय. मी अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरले होते. अंगात गणवेश, खांद्याला बॅग, हातात मानेचा पट्टा. माणूस नारळावरून पडलाय, असा फोन होता. आणि भाऊ मला माझ्या आईच्या नावानं ओळखत होते, तेही एकेरी.

आई या घरात वीस वर्षं भांडी घासायची. आम्ही बौद्धवाडीतले. आईला पुढच्या फाटकातून आत यायची मुभा नव्हती. घर दोन्हीकडच्या कुंपणाला टेकलेलं, म्हणून बाहेरून वळसा घालून एका अरुंद बोळानं परसात जायचं. तिचा पदर धरून मीही जायची. चहा मिळायचा तो गोठ्याजवळच्या कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. तो कप आईच धुवायची, आईच परत कोनाड्यात ठेवायची. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे सांगताना आज लाज वाटते.

तर भाऊ म्हणाले मागून ये, आणि मी गेले. वाद नाही, प्रश्न नाही. पाय आपोआप बोळाकडे वळले. आमचा ड्रायव्हर दत्तादादा पोलादपूरकडचा, त्याला हे ठाऊक नव्हतं. स्ट्रेचर ओढता ओढता तो म्हणाला, “अगं, समोर दार उघडंय की.”

“इथं असंच असतं,” मी म्हणाले.

हे मी म्हणाले. भाऊ नाही. मी.

पडलेल्या झावळ्यांत चाकं अडकली. शेवटी स्ट्रेचर तिथंच टाकलं, रुग्णाला सरळ झोपवायचा नुसता बोर्ड उचलून धावलो. परसात पोचल्यावर घड्याळ पाहिलं, कारण पोचल्याची वेळ लिहावी लागते. फाटकापासून नऊ मिनिटं गेली होती.

जानूदादाला गोठ्यामागे भिंतीला टेकवून बसवला होता. कातकरवाडीतला माणूस, सारा जन्म दुसऱ्यांच्या नारळांवर चढण्यात गेलेला. पडला होता मागच्या पडवीच्या तोंडाशी. जेवणाऱ्यांना घरातून आरपार दिसत होता. म्हणून भाऊंनी दोन गड्यांना हाक मारली. त्यांनी त्याला हातापायांना धरून उचलला, गोठ्यामागे आणला. वर पाणी पाजलं. उंचावरून पडलेल्याला हलवायचं नाही, मान आणि पाठ एका रेषेत धरायची, हे आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात. इथं त्याची मान छातीवर लोंबत होती.

मी दोन्ही हातांनी डोकं धरलं. श्वास उथळ. मनगटाची नाडी लागत होती. दत्तादादानं पट्टा बांधला.

“बाय,” जानूदादा पुटपुटला, “माझं पाय कुठं ठेवलंव?”

पाय समोरच पसरलेले होते. मी अंगठ्याला जोरात चिमटा काढला.

“कळतंय?”

“न्हाय.”

गड्यांना सांगून, सगळ्यांनी मिळून एका दमात त्याला बोर्डावर घेतला, पट्टे आवळले. उचलला तेव्हा दत्तादादा बोळाकडे बघत राहिला. बोळाला मध्ये काटकोनात वळण आहे. तिथून बोर्ड न्यायचा तर माणसासकट उभा करावा लागला असता.

मी मागच्या पडवीकडे वळले. भाऊ दारात आडवे हात करून उभे.

“घरातनं नाही. आत देव आहेत. बोळ आहे ना?”

“बाजूला व्हा.”

“कुणाच्या घरात उभी राहून बोलतेयस?”

“याचा कणा मोडलाय, भाऊ. बाजूला व्हा.”

त्यांच्या डोळ्यांत सरळ बघून मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. संताप होता तसं भयही होतं, खोटं कशाला बोलू. त्यांचे हात खाली आले. आम्ही माजघरातून गेलो, देव्हाऱ्यासमोरून, ओटीवरून. एका पाहुण्यानं खुर्ची ओढून वाट दिली. दुसरा मोबाइलवर चित्रण करत होता. परसातून अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत एक मिनिटही लागलं नाही.

ते एक मिनिट मला झोपू देत नाही. येतानाही तेवढंच लागलं असतं.

जानूदादा जगला. पाय गेले ते गेलेच. कशानं गेले? पडल्यानं, की गड्यांनी उचलल्यानं, की मान लोंबत होती त्या नऊ मिनिटांनी? मी अलिबागच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आता ते सांगता येणार नाही. मी त्याच्या झोपडीत जाते तेव्हा तो हसून म्हणतो, “तू आलीस म्हनून वाचलो, बाय.” मला वाटतं, त्यानं मला शिव्या द्याव्यात.

पुढं भाऊंनी आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या ऑफिसात तक्रार केली. बूट घालून घरात शिरली, पाहुण्यांदेखत उद्धट बोलली. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, “दोन ओळींची माफी लिहून दे, विषय संपव.”

मी कागद घेतला. फाटकाशी पोचल्याची वेळ लिहिली. रुग्णाजवळ पोचल्याची लिहिली. त्याला कुणाच्या सांगण्यावरून हलवलं ते लिहिलं. बोळाची वाट मालकानं सांगितली आणि मी मुकाट ऐकली, हेही लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, आईच्या नावासकट.

साहेबांनी वाचलं. “यात तूही अडकतेस. नोकरी नकोय का?”

“हवी आहे,” मी म्हणाले. “पण रुग्णापर्यंतची जी वाट जवळची, तिनंच जाणार. मध्ये कुणाचंही देवघर येवो.”

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मी त्याला हात लावला नाही.