आत्याचं चोळीबांगडीचं रान

आमच्या घरात गोष्ट सांगायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी ओढ्याची गोष्ट काढली की सगळ्यांना कामं आठवतात. थोरली सून तर तोंडावर म्हणते, "मामंजी, गेल्या खेपेला तुमचा नकाशा ओट्याएवढा होता, आता गावाएवढा झाला." खरं आहे. माझं पोट आणि माझा नकाशा, दोन्ही वयाबरोबर वाढत गेले. म्हणून या खेपेला लिहूनच काढतो. लिहिताना फुगवायला लाज वाटते.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आमचं गाव औंध संस्थानातलं. ओढा वरच्या डोंगरातून निघायचा, तो डोंगर खालसातल्या, म्हणजे इंग्रजी मुलखातल्या गावाचा. आमच्या शिवारातून तो खालच्या गावाला जायचा, तिथून येरळेला, आणि येरळा सांगलीकडे कृष्णेला. राज्यं वेगळी, पाणी एकच. लढाईच्या दिवसांत डोंगरावरची झाडं कोळशाला गेली, उरलेलं गवत जनावरांनी खाल्लं. मग श्रावणात ओढा आमची माती घेऊन धावायचा आणि दिवाळीला बघावं तर नुसती वाळू.

शेवटी तिन्ही गावांची जाणती माणसं आमच्या देवळात बसली. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनीच सगळ्यांना जमवलं होतं. ठरलं असं, की माथ्यापासून येरळेपर्यंत सगळा ओढा एका घरातला समजून वागायचं. वरच्या गावानं डोंगर जनावरांना आणि कुऱ्हाडीला बंद करायचा. आम्ही मधे बांध घालून पाणी अडवायचं. खालच्या गावानं झाडं-गवत लावून काठ धरून ठेवायचे. यमाईपुढं बेलभंडार उचलून सगळ्यांनी शपथ घेतली.

मी सातवी पास, म्हणून नकाशा माझ्याकडे आला. कागद नव्हता. देवळापुढच्या फरशीवर मी राखेनं डोंगर काढला, ओढा काढला. तो आजारी म्हशीच्या शेपटासारखा दिसत होता, असं वरच्या गावच्या पाटलांनी स्पष्ट सांगितलं. गावांच्या जागी मी खडे ठेवले. आणि ओढा जिथं दोन खडकांमधून अरुंद होऊन जातो, तिथं एक सुपारी ठेवली. बांध तिथंच व्हायला हवा होता. रहिमतपुराकडून आलेल्या ओव्हरसियरनंही तेच सांगितलं आणि गुराख्याच्या पोरानंही.

अडचण एवढीच, की सुपारीखाली माझ्या आत्याचं रान होतं.

आत्या आबांची धाकटी बहीण. लग्नानंतर लवकरच कपाळ पुसून माहेरी आली. आमच्याकडे अशा बहिणीला भाऊ एखादं वावर लावून देतात, चोळीबांगडीला म्हणून. ते रान ती जगेपर्यंत तिचं. आत्यानं त्या पट्टीत घेवडा लावला, कडेला मिरची, आणि आमच्याच परसातल्या खोलीत वेगळी चूल मांडली. घेवड्याच्या पहिल्या शेंगा निघाल्या की पदरात घेऊन ती घरोघरी वानवळा द्यायची. सगळ्यांत आधी आबांना. आबा ओसरीवर बसलेले असायचे, आणि ती वरून शेंगा त्यांच्या पुढ्यात टाकायची. वर्षातल्या त्या एका दिवशी आबांचा हात खाली असायचा आणि तिचा वर. ती दिवसभर त्या तोऱ्यात असायची.

माझा नकाशा बघायला ती घागर कमरेवर घेऊन आली.

"ह्यात माजं रान कुठं हाय रं?"

मी सुपारी दाखवली.

"आगं बया! सुपारी ठिवलीय व्हय? मग आवतान कवा येतंय?" ती हसली. बैठकीला बायकांना बोलावत नसत, हे तिलाही माहीत होतं. मीही हसलो आणि राख सरळ करत बसलो.

आबांनी मात्र त्या जागेचं नाव काढू दिलं नाही. वरच्या गावचे पाटील वैतागले. "आवं, इचारून तर बघा बहिणीला. दुसरी जमीन द्या बदल्यात."

"इचारलं म्हंजे मागितलंच की," आबा म्हणाले. "आन् भावानं मागितल्यावर ती न्हाई म्हणंल व्हय? त्ये इचारणं न्हाई, पाटील, हिसकावणं हाय. बहिणीला दिल्यालं मी मागं घ्येत न्हाई."

आमच्या भागात भावानं असं म्हटलं की माना हलतात. माझीही हलली. उलट अभिमानच वाटला.

म्हणून बांध वर सरकला. तिथं ओढा रुंद होता आणि तळाला खडक नव्हता, भुसभुशीत माती होती. उन्हाळाभर तिन्ही गावं खपली. मी दोन पाट्या दगड वाहिले आणि चार दिवस कंबर धरून बसलो; बायको शेकताना म्हणायची, "नकाशा काडणं सोपं होतं." आत्या रोज बांधावर यायची, माणसांना पाणी द्यायची. बांध तिच्या रानाच्या वर का चाललाय हे तिनं कधी विचारलं नाही. आबांनीही सांगितलं नाही. आपण तिच्यासाठी केवढं केलं, हे तिला आपोआप कळेल असं त्यांना वाटत असावं.

पावसाळाभर बांध टिकला. पाणी साठलं. वरच्या गावाचे लोक येऊन कडेला बसायचे. आत्याचा घेवडा असा कधी आलाच नव्हता. शेंगा भरत आल्या होत्या. मग हस्ताचा पाऊस लागला. दुपारची वेळ होती. बांधाच्या मध्यातून आधी गढूळ धार सुटली, मग तेवढाच भाग बसला, आणि साठलेलं सगळं पाणी एकदम खाली आलं. माणसं वाचली, जनावरं वाचली. खालच्या गावानं काठ चांगले धरले होते. गेलं ते फक्त मधलं एक रान.

पाऊस थांबल्यावर आबा तिथं गेले, मागून मी. माती पार धुऊन गेली होती. घेवडा नाही, मिरची नाही, शेताची बांधबंदिस्ती नाही. दोन खडकांच्या मधे उघडा कातळ पडला होता. आत्या काठावर बसली होती. हातात विळा होता.

"दादा," ती म्हणाली, "येकदा इचारलं असतंस तर?"

"तू न्हाई म्हणाली नसतीस, बाय. म्हणून न्हाई इचारलं."

"न्हाई म्हणालेच नसते." ती कातळाकडे बघत होती. "पर द्याया मिळालं असतं की रं मला. तिनी गावांला दिलं असतं."

आबा तिच्या शेजारी काठावर बसले.

त्यानंतर तिची चूल बंद झाली. रानच नाही तर वेगळी चूल कशाला, असं म्हणून ती आमच्यात जेवायला लागली. पहिली भाकरी आई तिच्याच ताटात वाढायची. ती अर्धी खाऊन उठायची.

माघात आबांनी धोतर-पागोटं करून, पंचांना घेऊन, तिच्या खोलीच्या दारात सुपारी ठेवली. बांधासाठी जागा रीतसर मागितली.

"आता काय मागतोस, दादा? धोंडं हायत तिथं." मग सुपारी उचलून पदराला बांधली. "न्या."

खडकाला खडक सांधत बांध उठू लागला. गुडघ्याएवढा झाला असेल, तेव्हा चैत्रात आत्या गेली. मोठं आजारपण असं काही नव्हतं. पदराची गाठ आईनं सोडली, सुपारी तिच्याबरोबर दिली.

तो बांध पावसाळ्याआधी पुरा झाला, आणि आजही आहे. त्या वर्षी होळीपर्यंत ओढ्याला पाणी राहिलं. आत्याच्या कातळावर पुरुषभर पाणी उभं होतं. तिन्ही गावांत घेवडा झाला. आमच्या वावरातल्या पहिल्या शेंगा आबांनी उपरण्यात घेतल्या आणि परसातल्या आत्याच्या खोलीकडे वळले. खोलीला कडी होती. तिथून ते तसेच बांधावर गेले. मी मागं होतोच.

आबांनी शेंगा पाण्यात सोडल्या. घेवड्याची शेंग बुडत नाही, हे त्या दिवशी आम्हा दोघा शेतकऱ्यांना कळलं. वारा आमच्याकडे होता. शेंगा तरंगत परत काठाला आल्या. आबांनी वाकून त्या पुन्हा आत ढकलल्या. पुन्हा आल्या.

"घेतीस का, बाय?" आबांनी विचारलं.

मी तोंड फिरवून डोंगराकडे बघत राहिलो. डोंगरावर गवत आलं होतं.