पिवळी भिंत आणि काकडीचं बी

आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. बावीस वर्षं मी बाडीकडे पाठ करून भात रांधला. बाडी म्हणजे घरामागची भाजीपाल्याची जागा. तिथे मिरच्या फुलल्या, गाय शिरली, शेजारीण हाका मारून थकली, तरी मला आत काही कळत नसे. यंदा संक्रांत झाली आणि मी घरात जाहीर करून टाकलं की भिंत फोडून खिडकी काढायची. हे म्हणाले, भिंत फोडतेच आहेस तर फरशीही करून घे. माझ्यासमोर माणसाने असं बोलू नये. खिडकीवरून फरशी, फरशीवरून ओटा, ओट्यावरून रंग आणि रंगावरून बाडी, असं माझं गाडं जे सुटलं ते कोणाच्या बापाला थांबवेना.

सासूबाईंना खोकला आहे, धूळ सोसत नाही, म्हणून त्यांना नणंदेकडे चिचगडला पाठवलं. हे मी गल्लीत सांगितलेलं कारण. खरं कारण असं की त्या घरी असत्या तर खिडकीची जागा ठरता ठरता दिवाळी आली असती. त्या वाईट नाहीत हो. पण त्यांचा प्रत्येक गोष्टीला एक 'कायले' असतो. चहात अद्रक कायले, दाराला पडदा कायले, फुलझाडं कायले, ते का खाता येते? आणि मला घाई होती. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या पसंतीने होणार होतं.

मी मूळची गोंदियाची, बाजारातली. दुकानदाराशी हिंदीत भांडायची माझी लहानपणची सवय. रंगवाला क्रीम घ्या म्हणून मागे लागला, सगळे तोच नेतात म्हणे. म्हटलं, भैया, मग तर मुळीच नको. मी हळदीचा पिवळा घेतला, अगदी लग्नातल्या हळदीसारखा. यांनी डबा उघडून पाहिला, झाकण लावलं आणि शेतावर निघून गेले. फरशी मात्र त्यांनी निवडली, राखाडी, आणि ती छान आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग रोजचा फोटो सुरू झाला. घरच्या ग्रुपवर मी सकाळी 'आधी' आणि संध्याकाळी 'नंतर' असे दोन फोटो टाकायची. भिंतीला पहिलं भगदाड पडलं आणि त्यातून बाडीतला शेवगा दिसला, तो फोटो मी तीनदा टाकला. दुपारी मिस्तरी जेवायला गेला की मी बाडीत शिरायची. तेलाचे रिकामे पिपे कापून रंगवले, त्यांत जास्वंद आणि झेंडू लावला, राइस मिलमधून धानाचा कोंडा आणून वाफ्यांवर पसरला. अंगात असं वारं शिरलं होतं की काय सांगू. कंबर मोडली होती आणि मी गाणी म्हणत होते. नणंद चिचगडला सासूबाईंना रोज फोटो दाखवायची आणि त्यांच्या वतीने अंगठा पाठवायची.

चुलीच्या वरची भिंत खरवडायची वेळ आली तेव्हा मिस्तरी थांबला. तिथे भाकरीएवढ्या शेणाच्या पाचसहा चकत्या चिकटवलेल्या होत्या, धुराने काळ्या पडलेल्या. त्याने विचारलं, वहिनी, हे पन काढू का? मी पिप्याला लाल रंग मारत होते. वर न बघताच म्हटलं, ते पन. सगळं काढा, मला साफ भिंत पाहिजे. त्याने काढलं. घरची माती बाहेर कायले फेकाची म्हणून ती त्याने फरशीखालच्या भरावात टाकली, वरून पाणी मारलं आणि ठोकून बसवली. दोन दिवसांनी तिच्यावर राखाडी फरशी बसली.

पिवळी भिंत वाळली, खिडकीतून ऊन आत आलं आणि मी फोटो टाकला. काय तो फोटो! मावशा, चुलतभाऊ, पुण्याचा भाचा, सगळ्यांनी ग्रुप डोक्यावर घेतला. मी सुपाएवढी फुगले होते. तेवढ्यात नणंदेचा फोन आला आणि तिने तो सासूबाईंकडे दिला.

"भित चांगली दिसून राहिली," त्या म्हणाल्या. "माहे बी कुठी ठेवलेस?"

भिंतीवरच्या त्या चकत्यांत त्यांचं बी होतं. शेणात राख कालवून त्यात बी दाबायचं आणि चुलीवरच्या भिंतीला थापायचं. धुराने कीड लागत नाही, मिरगात, पहिल्या पावसावर, चकती फोडून बी पेरायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बावीस वर्षं रोज डोळ्यांपुढे असलेली वस्तू दिसेनाशी होते. आणि ते बी साधं नव्हतं. ती काकडी सासूबाईंनी माहेरून आणलेली, पदराला बांधून, लग्नाच्या वेळी. जाड सालीची, मांडवावर लटकली की हातभर लांब, दिवाळीपर्यंत टिकणारी. आमच्या गल्लीतली कोणी बाई बी राखत नाही, मिरग आला की सगळ्या आमच्या दारात हात पसरून उभ्या राहतात. त्या दिवसात सासूबाईंचा तोरा पाहावा.

मी म्हटलं, "डब्यात ठेवले, आई. राख घालून."

त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खोटं बोलायला मला काही लागलं नाही, हीच मोठी लाज. फोटोंवर लोकांचे अंगठे येतच होते आणि मी फोन पालथा ठेवला. शेजारणीकडे गेले, मागच्या सालचं एखादं बी उरलं का म्हणून. तिने मलाच विचारलं, तुमच्या घरी असते तं आम्ही कायले ठेवू? चार घरं फिरले, चारही घरी हेच उत्तर. मोहाची फुलं पडायला लागली की नणंदेला रानातून सवड नसते, म्हणून सासूबाई त्याआधी परत येणार होत्या. माझ्या हातात आठ दिवस होते, त्यातले पाच मी उगाच ओटा पुसण्यात घालवले.

सहाव्या दिवशी हे शेतावर गेल्यावर मी सब्बल, म्हणजे पहार, घेतली. हो, नव्या फरशीवर. पहिला घाव निसटला, दुसऱ्याला रडू आलं, तिसऱ्याला राग आला, आणि मग जमलं. चुलीच्या जागेजवळच्या चार फरश्या फोडल्या. खालची माती हातांनी चाळली. शेणाचे तुकडे सापडले आणि त्यांत काही बी. फुगून फुटलेलं, पांढरा कोंब बाहेर आलेला आणि अंधारात तिथेच वाळलेला. एकही बी कामाचं नव्हतं. मी त्या खड्ड्याशी बसून धाय मोकलून रडले. फरशीसाठी नाही. बिचारं बी उगवायला निघालं होतं, आणि वर मी सिमेंट घातलं होतं.

हे घरी आले, खड्डा पाहिला, मला पाहिलं आणि चहा ठेवला. बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं असणार. त्या दिवशी फोटो टाकला नाही. ग्रुपवर विचारणा सुरू झाली, आज काय केलं, आज काय केलं.

सासूबाई चिचगडहून देवरीमार्गे बसने आल्या. आधी बाडीत गेल्या. पिप्यातली जास्वंद पाहिली, काही बोलल्या नाहीत, म्हणजे आवडली. मग आत आल्या. खिडकीपाशी उभ्या राहून बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. मग खाली नजर गेली.

"फरशी काऊन फुटली?"

मी ठरवलेलं सगळं विसरले. "आई, मी खोटं बोलली. बी डब्यात नाही. मीच खरवडून टाकायला सांगितलं. भरावात गेलं. फोडून पाहिलं, सगळं वाया गेलं."

त्या खाली बसल्या, त्या खड्ड्याशेजारीच. एक कोंब फुटलेलं बी उचलून बोटांत चोळलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार, आणि सुटायलाच हवा होता.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "फोटोतच दिसलं. जिले भितीवरचं बी दिसलं नाही, ते डब्यात का ठेवन? तू काय सांगतेस, तेच पाहून राहिली होती मी."

त्यांनी पिशवीतून एक फडक्याची गाठ काढली आणि सोडली. काकडीचं बी. नणंदेला लग्नात त्यांनीच दिलेलं, ती चिचगडला दरसाल लावते, दरसाल राखते. माझा प्रताप फोटोत दिसल्यावर त्यांनी तिच्या भिंतीवरून अर्धं काढून आणलं होतं. आणि मी इकडे सब्बल मारत बसले होते. मी रडता रडता हसायला लागले, तशा त्याही हसल्या, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणलं.

मग त्यांनी मलाच शेण आणायला धाडलं. राख शेजारणीकडून मागून आणली, आमच्याकडे आता चूल जाऊन नव्या ओट्यावर गॅस आला होता ना. त्यांनी दाखवलं: शेण किती ओलं, राख किती, बी कसं आडवं बसवायचं आणि अंगठ्याने किती दाबायचं. बावीस वर्षांत त्यांनी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. त्या मागच्या गोठ्याच्या भिंतीकडे निघाल्या, इथला रंग जाईल म्हणून. मी ऐकलं नाही. खिडकीच्या बाजूला, पिवळ्या भिंतीवर, ऐन नजरेसमोर मी चकत्या थापल्या. धूर नाही म्हणून कडुलिंबाचा पाला वरून बांधला. माझ्या पाचही बोटांचे ठसे त्यावर उमटले.

आणि फोटो टाकला. लगेच नणंदेचा मेसेज आला, एवढ्या सुंदर भिंतीवर हे शेण कोणाचं? सासूबाईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि फोन मागितला. त्यांना लिहिता येत नाही. मी माइकचं बटन दाबून धरलं आणि त्या फोन तोंडाशी धरून आख्ख्या घराण्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माह्या सुनेचे बी आहेत."