दोन मिलिमीटरची रेघ

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार मी सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जीआयएस शिकवते. म्हणजे संगणकावर नकाशे कसे करायचे, ते. अकरा संगणक आहेत, त्यातले आठ चालतात, आणि त्या आठांतला एक त्याची मर्जी असेल तेव्हाच चालतो. येणारे बहुतेक पंचविशीच्या आतले. नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून येतात आणि ओळ वाढण्यापुरतंच शिकतात. माझा राग नाकावर असतो हे मला कोणी सांगायला नको. तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्मे गळतात, उरलेले मला घाबरून गृहपाठ करतात.

अशा वर्गात एका मंगळवारी पासष्टीच्या पुढचे एक गृहस्थ येऊन बसले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, हातात जाड भिंग. मी ओळख विचारली तर उभे राहून म्हणाले, "मी ट्रेसर." एवढंच. झालं, पोरांनी त्यांना ट्रेसर काका करून टाकलं.

भूमापन कार्यालयात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. मोजणीदार जागेवर जाऊन पेन्सिलीने कच्चा नकाशा काढून आणायचा, आणि काका त्यावर पारदर्शक कागद पसरून शाईने पक्का नकाशा उतरवायचे. शहराचे शेकडो चौकोनी तुकडे केलेले, एकेका तुकड्याचं एकेक शीट. त्यांतली निम्मी शीटं आपल्या हातची, असं ते सांगायचे, आणि सांगताना मान जरा वर जायची.

माऊस ते पेनासारखा धरायचे. पहिले दोन आठवडे मी हात टेकले होते. फाइल कुठे ठेवली ते सापडायचं नाही, आणि सापडली की चुकून पुसली जायची. पण रेघ काढायला बसले की वर्गातल्या सगळ्या पोरांनी मागे उभं राहून बघावं. एकही बिंदू वाया नाही, एकही वळण वाकडं नाही. फक्त एका गोष्टीने त्यांचं डोकं फिरायचं.

"मॅडम, कितीही जवळ गेलं तरी ही रेघ तेवढीच बारीक! हिला जाडीच नाही. मग ही माणसाने काढली म्हणायचं कसं?"

"काका, ही माणसाने काढलेली नाहीच मुळी. हे आकडे आहेत."

"आकडे कोणीतरी घातले असतीलच ना?" असं म्हणून ते पुन्हा भिंग लावून पडद्याकडे बघायचे. संगणकाच्या पडद्याला भिंग लावणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

तिसऱ्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर ते मागे थांबले आणि कशासाठी शिकतोय ते त्यांनी सांगितलं.

चार महिन्यांपूर्वी, भर दुपारी, त्यांच्या बायकोच्या छातीत कळ आली. त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. रुग्णवाहिकांचं केंद्र जवळच होतं, सहा मिनिटांच्या वाटेवर. मोठा रस्ता लांबून दिसतो म्हणून काका मागच्या सज्जात जाऊन वाट बघत उभे राहिले. गाडी आली, पण नाल्याच्या पलीकडे. यांच्या गल्लीसमोर पलीकडून एक गल्ली येते आणि नाल्याच्या कठड्यापाशी संपते. गाडी त्या कठड्याला नाक लावून उभी होती. यांच्यापासून पंचवीस पावलांवर, आणि मध्ये नाला. काकांनी हातातला टॉवेल जिवाच्या आकांताने हलवला, ओरडले. गल्ली अरुंद, मागे दोन वाहनं येऊन अडकलेली. गाडी मागे घेऊन, शाळेला वळसा घालून दारात यायला एकूण एकोणीस मिनिटं लागली. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

"तो चालक नवा होता," काका म्हणाले. "तीन आठवड्यांचा. म्हणतो, पडद्यावर रस्ता सरळ दिसत होता. यंत्रावर ढकलतोय! मी तक्रार केलीये. त्याला घरी बसवलाय, आता चौकशी आहे. पण मला पुरावा पाहिजे. आमच्या नकाशात नाला असणारच, मॅडम. आमच्या कार्यालयाचा नकाशा चुकत नाही, माणसं चुकतात. तो नकाशा छापून मी चौकशीत टेबलावर ठेवणार."

त्यांची एकुलती लेक दुसऱ्या शहरात असते. ती रोज फोनवर विचारायची, "बाबा, त्या माणसाचं काय झालं?" दुसरं काही बोलायलाच उरलं नव्हतं दोघांत.

मला काकांची दया आली, आणि दया आली की मी नेहमी नको तितक्या उत्साहाने कामाला लागते. पुढचे सगळे धडे मी त्यांच्या नाल्याभोवती फिरवले. रस्त्यांचा डेटा कुठे मिळतो? महापालिकेच्या संकेतस्थळावर, सगळ्यांसाठी खुला. तो उतरवून घ्या. आता आपल्या घराची जागा शोधा. काकांनी शोधली. गल्ली सापडली. आणि ती गल्ली नाल्याच्या जागेवरून आरपार, एका सरळ रेघेत, पलीकडच्या गल्लीला जाऊन मिळत होती. नाला कुठेच नव्हता.

काकांनी भिंग लावून ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. मग म्हणाले, "चालकाचं नंतर बघू. ही रेघ कोणाची?"

मी त्यांना रेघेमागचा तक्ता उघडायला शिकवलं. प्रत्येक रस्त्यामागे एक ओळ असते: लांबी, रुंदी, आणि माहिती कुठून घेतली ते. त्या रकान्यात लिहिलं होतं: जुनी शीटं, चौदा आणि पंधरा.

"शक्य नाही!" काका एवढ्या जोरात म्हणाले की खालून ग्रंथपालबाई जिन्यापर्यंत आल्या. "शीटात हे नसणार. ज्यांनी शीटं संगणकात घातली त्या पोरांनी जोडलंय हे. एसीत बसून! त्याचं नाव मी तक्रारीत घालणार, मॅडम. कोण आहे तो, त्याचं नाव घालणार."

"मग शोधूच या त्याला," मी म्हणाले. मलाही चेव चढला होता. जुनी शीटं स्कॅन करून अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ठेवलेली असतात, ती आम्ही उतरवून घेतली. पुढच्या शुक्रवारी मी काकांना स्कॅन केलेला कागद जमिनीवर बसवायला शिकवलं. म्हणजे जुन्या नकाशातली शाळा आजच्या शाळेवर, जुनी टाकी आजच्या टाकीवर, अशी चार-सहा ठिकाणं टाचून टाकायची, की सगळा कागद आपल्या जागी बसतो. काकांनी इतकं नेटकं बसवलं की अर्ध्या मीटरचाही फरक राहिला नाही. चौदा डावीकडे, पंधरा उजवीकडे, मध्ये दोघांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या.

आणि कडेवर रेघ जोडलेलीच होती. शाईने.

शीट चौदामधली गल्ली खरं तर कडेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबायला हवी होती. दोन हजारास एक या प्रमाणात दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर, नाला जेवढा रुंद तेवढे. नाला नेमका शीटांच्या सीमेखालून वाहत होता, आणि सीमेच्या जाड काळ्या चौकटीत तो झाकला गेला होता. कोणा ट्रेसरला वाटलं असणार, ही गल्ली पलीकडच्या शीटावर पुढे जातेय, मोजणीदार पोचवायला विसरला. कार्यालयाचा दंडकच तसा होता, कडेवर रेघ लोंबकळत ठेवायची नाही, नाहीतर साहेब लाल पेन्सिलीने गोल करून परत पाठवायचे. त्याने दोन मिलिमीटर ओढून टाकले.

"म्हणजे संगणकवाले सुटले!" मी म्हणाले. "चोर तुमच्याच कचेरीतला निघाला की, काका. खालच्या कोपऱ्यात बघा, काढणाऱ्याची सही असते ना? आत्ता मुद्देमालासकट सापडतो!"

मी हसत म्हणाले. हे मला आयुष्यभर पुरणार आहे.

काकांनी कोपऱ्यापर्यंत नकाशा सरकवला नाही. त्यांचा हात माऊसवर तसाच राहिला. मीच पुढे वाकून सरकवला. चौकोनात सही होती, तारीख होती. सही मी ओळखली, कारण हजेरीच्या वहीत आठवड्यातून दोनदा ती माझ्यासमोरच होत होती.

"तुम्हाला आधीच कळलं होतं," मी म्हणाले.

"रेघ जोडताना मी शेवटी पेन जरासं उचलतो. टोक बारीक होतं." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "माझी रेघ मला कळणार नाही होय?"

वर्गातली पोरं आपापल्या पडद्यांत होती. मी काकांशेजारी खुर्ची ओढून बसले. मला त्यांचा हात धरावासा वाटत होता आणि धरवत नव्हता.

"तारीख बघितलीत?" ते म्हणाले. "लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. ती संध्याकाळी कचेरीखाली यायची, मग आम्ही चालत घरी जायचो. त्या दिवशी शंका आली होती मला, रेघ थांबलीये का राहिलीये. मोजणीदाराची वही तळघरात असायची. तिथला कारकून एक वही काढायला अर्धा तास लावायचा. खिडकीतून पाहिलं तर ती खाली येऊन उभी होती." मग पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "मी रेघ ओढली आणि खाली गेलो."

ते घर त्यांनी तिथून अकरा वर्षांनी घेतलं. रोज शाळेच्या बाजूने आले, शाळेच्या बाजूने गेले. मागच्या सज्जातून नाला रोज दिसायचा. नाला आणि नकाशा यांचा मेळ घालायचं त्यांना कधी कारणच पडलं नाही.

त्यांनी लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला आत्ता बोलता येणार नाही." नंतर तिचा रोजचा फोन यायचा थांबला. ती वाईट मुलगी नाही. पण आई गेल्यावर रागावायला तिला एक माणूस हवा होता, आणि तो बापच निघाला.

चौकशीला काका मला सोबत घेऊन गेले. दोन्ही शीटं मोठ्या कागदावर छापून आणली होती, कडेवर कडा जुळवून. त्यांनी ती टेबलावर पसरली आणि बोट ठेवून समजावलं. गाडी नकाशाप्रमाणेच आली, चालकाचा काडीचाही दोष नाही, रेघ माझी आहे, तक्रारीत माझं नाव घाला.

अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "काका, तुमची तक्रार मागे घेतली असं लिहितो. चालक उद्यापासून कामावर येईल. बाकी ती जुनी गोष्ट आहे हो, तुम्ही निवृत्त झालात. आता त्यासाठी तुम्हाला कोण धरणार?"

"धरा ना कोणीतरी!" काका ओरडले. "कोणीतरी धरा मला!"

अधिकाऱ्याने त्यांच्यासाठी पाणी मागवलं. ते प्यायले नाहीत.

बाहेर व्हरांड्यात तो चालक थांबला होता. तिशीतला, दाढी वाढलेली. मला वाटलं, आता हा तोंडसुख घेईल, आणि घेतलं असतं तर मी अडवलं नसतं. पण तो काकांजवळ येऊन खाली मान घालून म्हणाला, "काका, त्या दिवशी पलीकडून तुम्ही मला दिसत होतात. टॉवेल हलवत होतात. तुम्ही मागे जा म्हणत होतात ना? मला वाटलं, पुढे ये म्हणताय. मी उतरून वाट आहे का शोधत बसलो. त्यात पाच मिनिटं गेली. हे मी कुणाला सांगितलं नाही."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी काका वर्गात वेळेवर हजर होते. महापालिकेच्या खुल्या नकाशात दुरुस्ती सुचवता येते, ती कशी करायची ते मी दाखवलं. रेघ निवडायची, कठड्यापाशी तोडायची, मधला तुकडा पुसायचा. त्यांनी तो तुकडा निवडला. पडद्यावर तो पिवळा झाला. बराच वेळ तो तसाच पिवळा राहिला, मग त्यांनी कळ दाबली. खाली विचारलं होतं: दुरुस्तीचं कारण. इतर लोक तिथे 'चुकीचा रस्ता' लिहून मोकळे होतात. काकांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'इथे नाला आहे. मी सज्जात उभा होतो.'

दुरुस्ती मंजूर झाली. रुग्णवाहिकांच्या पडद्यांवरही आता ती दिसते, असं त्या चालकानेच येऊन सांगितलं.

अभ्यासक्रम संपून पाच महिने झाले. ट्रेसर काका अजून दर शुक्रवारी येतात. मर्जी असेल तेव्हा चालणारा तो संगणक ते घेतात, म्हणजे कोणाची अडचण नको. निघायच्या जागी रुग्णवाहिका केंद्राचा पत्ता घालतात, पोचायच्या जागी स्वतःच्या घराचा, आणि वाट काढायला सांगतात. निळी रेघ मोठ्या रस्त्याने निघते, शाळेला वळसा घालते आणि समोरून त्यांच्या दारात येऊन थांबते.

"मॅडम, सहा मिनिटं," ते मला सांगतात.

"हो, काका," मी म्हणते. "सहाच."

मग ते संगणक नीट बंद करतात आणि घरी जातात.