शोभाच्या वाट्याचा हिरवा ग्लास

हे मी अजून कुणाला बोललो नाही. आईला नाही, देवळात हात जोडून नाही, दोन घोट पोटात गेल्यावरसुद्धा नाही. सांगायला तोंड नव्हतं — आज तरी आहे का? नाही. पण राग इतका साठलाय की गिळवत नाही. राग कुणाचा? माझाच. दुसऱ्या कुणी केलं असतं तर केव्हाच कानाखाली वाजवली असती.

मी न्हावऱ्याचा, कंपनीत सुपरवायझर. कंपनीच्या तपासणीत शुगर निघाली — माझी. नीट ऐका, माझी. मग मी फोनवर व्हिडिओ बघायला लागलो, नवा मिक्सर आणला आणि घरात हुकूम सोडला — सकाळचा चहा बंद, भाकरी बंद. पालक, काकडी, पुदिना, लिंबू. ग्लासभर हिरवी स्मूदी, बास. रात्री मुगाचं कढण. आईला आणि पोरांना सूट. बायकोला नाही. शोभा जाड झाली होती म्हणे. म्हणे म्हणजे काय — मीच म्हणत होतो, चार लोकांत, हसून.

आणि मी? तिच्यासमोर ग्लास रिकामा करायचो आणि कंपनीच्या गेटवर, टपरीवर, गरम वडापाव हाणायचो. रोज. घरी येऊन वर तिलाच सांगायचो, मला बघ कसं जमतं. लाज वाटली का? नाही. मजा वाटायची.

तिला कुठली टपरी? तिला गाई होत्या, शेण होतं, कांद्यातली खुरपणी होती. एकदा ती चुलीपाशी शिळी भाकरी गुळाशी खाताना सापडली. सापडली — चोर असल्यासारखी! आईसमोर मी ओरडलो, "चोरून खातीस? लाज न्हाई वाटत?" माझ्या तोंडाला तेव्हा वड्याचा वास होता.

पुढं एकदा ती हळूच म्हणाली, "अहो, लई गरगरतंय. सकाळी अर्धी तरी भाकरी खाऊ द्या."

"अंगातली घाण बाहेर पडतीया," मी म्हणालो. "हुईल सवय." व्हिडिओतलं वाक्य. केवढा शहाणा मी!

त्या सकाळीही तिच्या पोटात तेवढंच हिरवं पाणी होतं. गाईंसाठी ती कडबाकुट्टीत मका घालत होती. मशीन चालू. तिला चक्कर आली, आणि मक्याबरोबर हात आत गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

शिरूरच्या दवाखान्यात तिचा भाऊ दौंडवरून धावत आला. डॉक्टरांनी त्याच्यासमोरच विचारलं, हिनं सकाळपासून काय खाल्लं होतं? भाऊ माझ्याकडं वळला. "दाजी, आक्का उपाशी व्हती का?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "काय सांगू? तिचंच खूळ. बारीक व्हायचंय म्हणती. जेव म्हणून मी किती मागं लागतो."

शोभा शुद्धीवर होती. तिनं ऐकलं. माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं तोंड केलं. भाऊ तिच्यावरच खेकसला, "एवढी शिकलीस, आन् अक्कल कुठं गेली तुझी?" मी मान डोलावली. डोलावली! असल्या माणसाला काय म्हणायचं? मी रोज शिव्या देतो त्याला, आणि रोज तोच माझे कपडे घालून कामाला जातो.

ते एक वाक्य गावभर झालं. डाएटच्या नादानं बोटं घालवली म्हणून बायका सुनांना तिचं उदाहरण देतात. मी एका दिवसात ते पुसू शकत होतो. पुसलं नाही.

गेल्या महिन्यात मेहुण्याच्या पोराचं जावळ होतं, दौंडला. पंगत बसलेली. मेहुणा जिलबी वाढत आला, शोभाच्या ताटापाशी थांबला. "आक्का, वाढू ना? का अजून डाएट चालू हाय?"

सगळी पंगत हसली. शोभानं ताटातला हात पदराखाली घेतला.

मी पण हसलो.